राज्यशास्त्रीय लेखसूची

राज्यशास्त्र व त्याच्या उपशाखा यांविषयी अभ्यासपूर्ण नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेल्या लेखांचा शोध घेता यावा, म्हणून तयार करण्यात आलेल्या सूची, सारसंग्रह व तत्सम साधनांना राज्यशास्त्रीय लेखसूची असे म्हणतात. ग्रंथालयाची तालिका ग्रंथांची आणि नियतकालिकांच्या नावांची नोंद करते; परंतु एखाद्या नियतकालिकाच्या अमुक एका अंकात कोणते लेख आहेत, हे तीवरून समजत नाही. ही उणीव भरून काढणे, हे लेखसूचीचे मुख्य कार्य होय. राज्यशास्त्राच्या बाबतीत तिचे महत्त्व विशेष आहे. या विषयातील नवे सिद्धांत, वाद व क्षेत्रीय पाहण्यांचे निष्कर्ष प्रथम लेखरूपाने प्रकट होतात आणि ग्रंथांत ते पुष्कळदा काही वर्षांनी येतात. शिवाय विधी, इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या शास्त्रांच्या नियतकालिकांतही राज्यशास्त्रोपयोगी लेखन विखुरलेले असते.

लेखसूची ही वरवर पाहता एक निर्विकार यादी वाटते. वस्तुतः तीत कोणती नियतकालिके घ्यावयाची, कोणत्या भाषा वगळावयाच्या आणि विषयांना कोणती नावे द्यावयाची, यांचा निर्णय सूचिकाराने आधीच केलेला असतो. सूचीत जे नाही, ते बहुधा संशोधकाच्या दृष्टीस पडत नाही आणि पुढील लेखनातही त्याचा उल्लेख येत नाही. म्हणून लेखसूचींचा इतिहास हा केवळ ग्रंथालयशास्त्राचा भाग नसून, राज्यशास्त्राचे ज्ञान म्हणून काय मानले गेले, याच्याही इतिहासाचा तो एक भाग आहे.

पार्श्वभूमी : विद्वत्‌नियतकालिकांचा आरंभ १६६५ मध्ये झाला. त्या वर्षी जानेवारीत पॅरिस येथे झूर्नाल दे साव्हां आणि मार्चमध्ये लंडन येथे फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स ही नियतकालिके निघाली. राज्यशास्त्राला मात्र स्वतःची नियतकालिके मिळण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या परिसरात पोलिटिकल सायन्स क्वार्टर्ली हे त्रैमासिक १८८६ मध्ये सुरू झाले. अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेची स्थापना १९०३ मध्ये झाली व तिचे अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू हे त्रैमासिक १९०६ पासून निघू लागले. इंग्लंडमध्ये पोलिटिकल क्वार्टर्ली (१९३०) व पोलिटिकल स्टडीज (१९५३), तर फ्रान्समध्ये रव्ह्यू फ्रांसेझ द स्यांस पोलितीक (१९५१) ही प्रमुख नियतकालिके होत. प्रारंभी यांची संख्या अल्प असल्याने जिज्ञासू अभ्यासक ती सर्व चाळू शकत असे. अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू आपल्या पहिल्या दशकांत नव्या ग्रंथांबरोबर इतर नियतकालिकांतील लेखांच्याही याद्या देत असे. नियतकालिके वाढत गेली, तशी ही पद्धत अपुरी पडू लागली.

विषयानुसारी सूची : नियतकालिकांतील लेखांची विषयवार सूची करण्याचा पहिला मोठा प्रयत्न विल्यम फ्रेडरिक पूल याने केला. येल येथे विद्यार्थी असताना तेथील एका विद्यार्थिमंडळाच्या ग्रंथालयाचे काम त्याच्याकडे होते. वादसभांसाठी विषय दिले जात. पण त्यांवरील लेख शेल्फांवर असूनही कोणास सापडत नसत. या अडचणीतून त्याची पहिली सूची १८४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुधारित आवृत्ती १८५३ मध्ये व मोठी आवृत्ती १८८२ मध्ये निघाली. शेवटच्या आवृत्तीसाठी अमेरिका व ब्रिटन येथील अनेक ग्रंथालयांनी नियतकालिके आपसांत वाटून घेऊन काम केले. ग्रंथालयीन सहकार्याचे हे एक आद्य उदाहरण होय. पूलच्या सूचीत लेखकनामांनुसार नोंदी नव्हत्या; ती उणीव १९७१ मध्ये निघालेल्या स्वतंत्र लेखकसूचीने दूर झाली. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश नियतकालिकांत तर पुष्कळसे राजकीय लेखन निनावीच छापले जाई. त्याचे लेखक निश्चित करण्याचे काम वॉल्टर हॉटन याच्या नेतृत्वाखाली वेलस्ली इंडेक्स या पाच खंडांच्या सूचीने (१९६६–८९) केले.

पुढे न्यूयॉर्कच्या एच्. डब्ल्यू. विल्सन कंपनीने लेखसूचींना नियमित प्रकाशनाचे रूप दिले. तिची सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांची संयुक्त सूची १९७४ मध्ये विभागली जाऊन ‘सोशल सायन्सेस इंडेक्स’ ही स्वतंत्र सूची अस्तित्वात आली. राज्यशास्त्राच्या दृष्टीने त्याहूनही उपयुक्त साधन म्हणजे १९१४ मध्ये सुरू झालेली पब्लिक अफेअर्स इन्फर्मेशन सर्व्हिस ही संस्था होय. लेखांबरोबरच शासकीय अहवाल, पत्रके व पुस्तिका यांचीही नोंद घेणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. राज्यकारभाराची सामग्री केवळ विद्वानांच्या लेखांत नसते, शासनाच्या कागदपत्रांतही असते, ही जाणीव त्यामागे होती.

सारसंग्रह : विषयसूची लेखाचे केवळ शीर्षक देते; त्यात काय म्हटले आहे, हे सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ही गरज तीव्रतेने जाणवू लागली. युनेस्कोच्या प्रेरणेने आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली आणि १९५१ पासून इंटरनॅशनल पोलिटिकल सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स हा सारसंग्रह निघू लागला. त्यात निवडक लेखांचा थोडक्यात गोषवारा दिला जाई. इंग्रजी लेखांचे सार इंग्रजीत व अन्य भाषांतील लेखांचे सार फ्रेंचमध्ये देण्याची त्याची प्रथा होती. त्याच सुमारास पॅरिस येथून सामाजिक शास्त्रांची आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची तयार होऊ लागली. तिच्या चार शाखांपैकी एक राज्यशास्त्राची होती. हे काम १९८९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे गेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सँता बार्बरा येथून १९६९ पासून निघालेल्या एबीसी पोल साय या प्रकाशनाने नियतकालिकांची अनुक्रमणिकाच अभ्यासकांपर्यंत त्वरेने पोहोचविण्याचा मार्ग स्वीकारला.

सारसंग्रहांमुळे अनेक देशांतील लेखन एकत्र पाहता येऊ लागले. तथापि सार कोणत्या भाषेत द्यावयाचे, यावरूनच या साधनांचा वाचक कोण, हे ठरून गेले होते. आशिया व आफ्रिका खंडांतील देशी भाषांत लिहिणाऱ्या लेखकाला या साधनांत क्वचितच प्रवेश मिळाला.

संदर्भोल्लेख सूची : तिसरा मार्ग यूजीन गारफील्ड याने दाखविला. एखाद्या न्यायनिर्णयाचा पुढील खटल्यांत कोठे आधार घेतला गेला, हे दाखविणारी शेपर्ड सूची अमेरिकन वकिलांच्या नित्य वापरात होती. हेच तत्त्व शास्त्रीय लेखांना लावावे, असे त्याने १९५५ मध्ये सुचविले. सामाजिक शास्त्रांसाठीची त्याची संदर्भोल्लेख सूची, म्हणजे सोशल सायन्सेस सायटेशन इंडेक्स, १९७३ मध्ये फिलाडेल्फिया येथून प्रसिद्ध होऊ लागली. लेखाच्या तळटिपांवरून अभ्यासकाला मागे जाता येते. या सूचीमुळे पुढे येणेही शक्य झाले. उदा., रजनी कोठारी यांचा भारतातील ‘काँग्रेस पद्धती’वरील लेख डिसेंबर १९६४ मध्ये एशियन सर्व्हे या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका पक्षाचे प्रभुत्व आणि त्याच पक्षातील गटांची आपसांतील स्पर्धा यांचे जे विवेचन त्यात आहे, ते पुढे कोणी स्वीकारले, कोणी खोडून काढले व १९६७ च्या निवडणुकांनंतर त्यात कोणती दुरुस्ती सुचविली, हे लेखाच्या उत्तरकालीन उल्लेखांवरून क्रमाने पाहता येते. विषयाला कोणते नाव दिले आहे, यावर हा शोध अवलंबून नसतो, हा त्याचा मोठा गुण होय.

दोष असा, की निवडलेल्या नियतकालिकांतील उल्लेखच तीत मोजले जातात. कोठारी यांचा लेख भारतात निघणाऱ्या एखाद्या लहान त्रैमासिकात छापला गेला असता, तर त्याचा माग इतक्या सुलभतेने लागला नसता. पुढे उल्लेखांची संख्या हीच लेखाच्या गुणवत्तेची खूण मानण्याचा प्रघात पडला. त्यामुळे शोधाचे साधन मूल्यमापनाचेही साधन बनले.

भारतातील लेखसूची : भारतीय राज्यशास्त्र संघटना १९३८ मध्ये स्थापन झाली व इंडियन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स हे तिचे नियतकालिक १९३९ पासून निघू लागले. त्यानंतर इंडिया क्वार्टर्ली (१९४५), इंडियन जर्नल ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन (१९५५) व इंटरनॅशनल स्टडीज (१९५९) ही नियतकालिके सुरू झाली. मुंबईत सचिन चौधरी यांनी १९४९ मध्ये काढलेल्या इकॉनॉमिक वीकली या साप्ताहिकाची परंपरा ऑगस्ट १९६६ पासून इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या साप्ताहिकाने चालविली. चालू घडामोडींवरील भाष्य व दीर्घ संशोधनलेख एकाच अंकात देण्याच्या प्रथेमुळे भारतीय राजकारणाच्या अभ्यासकाला ते अपरिहार्य ठरले.

एस्. आर्. रंगनाथन यांनी आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात (१९३३) राज्यशास्त्राला स्वतंत्र मुख्य वर्ग दिला होता आणि लेखांचे सूक्ष्म विषय दर्शविणाऱ्या प्रलेखनकार्याचा पुरस्कार केला होता. प्रत्यक्ष लेखसूचींचे काम मात्र साठोत्तर काळात उभे राहिले. गुडगाव येथून १९६४ पासून गाइड टू इंडियन पिरिऑडिकल लिटरेचर ही सूची व जयपूर येथे राजस्थान विद्यापीठाच्या ग्रंथालयातून १९६७ पासून इंडेक्स इंडिया हे त्रैमासिक प्रसिद्ध होऊ लागले. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये स्थापन झाल्यावर तिच्या प्रलेखन केंद्राने नियतकालिकांच्या संयुक्त तालिका, सारसंग्रह व संशोधनाचे आढावे यांचे काम हाती घेतले. कोणते नियतकालिक कोणत्या शहरातील कोणत्या ग्रंथालयात आहे, हे संयुक्त तालिकेवरून कळत असल्याने लेखाचा पत्ता व त्याची प्रत यांमधील अंतर कमी झाले. महाराष्ट्रात पुणे येथील गोखले अर्थशास्त्र संस्था व भारत सेवक समाज यांचे ग्रंथालय जुन्या शासकीय अहवालांसाठी व नियतकालिकांच्या संचांसाठी अभ्यासकांना परिचित आहे.

या भारतीय सूचींनी पाश्चात्त्य सूचींतील मोठी उणीव दूर केली. परंतु त्यांचा भर भारतात निघणाऱ्या इंग्रजी नियतकालिकांवरच होता. देशी भाषांतील राजकीय लेखन पुन्हा एकदा बाहेर राहिले.

मराठीतील स्थिती : मराठीत राजकीय विचार प्रथम वृत्तपत्रे व मासिके यांतूनच प्रकट झाला. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ भाऊ महाजन यांच्या प्रभाकर या मुंबईच्या साप्ताहिकातून १८४८ पासून प्रसिद्ध झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली. विविधज्ञानविस्तार हे मासिक १८६७ पासून सु. सत्तर वर्षे चालले. पुणे सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ मध्ये निघाले. त्यातील अनेक लेखांवर लेखकाचे नाव नसे, न्या. महादेव गोविंद रानडे यांचे पुष्कळ लेखन त्यात अशा रीतीने छापले गेले. स्वातंत्र्योत्तर काळात नवभारत (१९४७), समाज प्रबोधन पत्रिका इ. नियतकालिकांनी लोकशाही, समाजवाद, जातिव्यवस्था व राज्यसंस्था यांविषयीची चर्चा चालविली. जमीनमहसूल, स्थानिक स्वराज्य वा प्रतिनिधित्व यांविषयी महाराष्ट्रात काय विचार झाला, हे पाहू इच्छिणाऱ्याला हे लेखन टाळता येत नाही.

या लेखनाचा शोध घेण्याची साधने व्यक्तिगत चिकाटीतून निर्माण झाली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकहाती सिद्ध केली व पुढे ती १९५० पर्यंत आणली. त्यांनी दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांच्या सहकार्याने १८०० ते १९५० या कालखंडातील मराठी नियतकालिकांच्या सूचीचेही काम केले. मात्र १९५० नंतरच्या मराठी वैचारिक लेखांसाठी इंग्रजी सूचींच्या तोडीची, नियमितपणे निघणारी विषयवार लेखसूची उभी राहिली नाही. परिणामी एकाच प्रश्नावर मराठीत व इंग्रजीत झालेल्या चर्चा परस्परांच्या वाऱ्यालाही उभ्या न राहता समांतर चालल्या, असे अनेकदा दिसते.

संगणकीय युग : संगणकावर साठविलेल्या सूचींचा दूरस्थ शोध घेण्याची व्यापारी सेवा अमेरिकेत डायलॉग या नावाने १९७२ मध्ये सुरू झाली. संगणक समानार्थी शब्द ओळखू शकत नसल्याने नियंत्रित संज्ञांची आवश्यकता भासू लागली आणि १९७५ मध्ये अमेरिकेत राज्यशास्त्रीय संज्ञांचा स्वतंत्र कोश तयार करण्यात आला. जेस्टोर ही संस्था १९९५ मध्ये स्थापन झाली. ग्रंथालयांतील जुन्या संचांची पाने पहिल्या अंकापासून संगणकावर आणण्याचे काम तिने केले. लेखाला कायमचा अंकीय ओळखक्रमांक देणारी क्रॉसरेफ ही व्यवस्था २००० मध्ये सुरू झाली. स्कोपस व गुगल स्कॉलर ही दोन्ही साधने २००४ मध्ये उपलब्ध झाली. यांपैकी गुगल स्कॉलर लेखाच्या संपूर्ण मजकुरात शोध घेते व विनामूल्य आहे. तथापि आपण कोणकोणती नियतकालिके समाविष्ट करतो, याची यादी ते देत नाही. छापील सूचीच्या आरंभी अशी यादी असे आणि म्हणून तिची मर्यादा वाचकाला निदान कळत असे.

भारतात विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे इन्फ्लिबनेट हे केंद्र १९९१ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून विकसित झाले. प्रबंधांचे शोधगंगा हे भांडार त्याच्याकडे आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना संमत केली. तीखाली १ जानेवारी २०२५ पासून तीस प्रकाशकांची सु. १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना उपलब्ध करण्यात आली. तीन वर्षांसाठी तिची तरतूद ६,००० कोटी रुपयांची आहे. दुसरीकडे, शुल्क घेऊन कोणताही लेख छापणाऱ्या बनावट नियतकालिकांचा प्रश्न गंभीर झाला. त्यावर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ सूची प्रसिद्ध केली. ती बंद करण्यात आल्याचे आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केले आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्था व अभ्यासक यांच्यावर आली.

शोधनाची पद्धती : वरील साधने परस्परपूरक आहेत. पक्षांतराच्या प्रश्नावरून हे स्पष्ट करता येईल. १९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत आमदारांच्या पक्षबदलामुळे मंत्रिमंडळे कोसळली. लोकसभेच्या ठरावानुसार गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला. १९८५ मधील बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची संविधानात आली, १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किहोतो होलोहान खटल्यात तिची वैधता मान्य केली व २००३ मधील एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने पक्षातील एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण काढून घेतले. ही वर्षे ध्यानात घेतल्यास नियतकालिकांचे कोणते खंड प्रथम पाहावयाचे, हे ठरते.

दुसरी पायरी शब्दांची होय. भारतीय इंग्रजी लेखनात ‘डिफेक्शन’ हा शब्द रूढ आहे. ब्रिटिश संसदीय परंपरेत ‘फ्लोअर क्रॉसिंग’, तर तौलनिक राजकारणाच्या अलीकडील अभ्यासात ‘पार्टी स्विचिंग’ असे म्हणतात. मराठीत ‘पक्षांतर’, ‘पक्षबदल’ व ‘आयाराम-गयाराम’ असे तिन्ही शब्द आढळतात. केवळ पहिल्या शब्दावर विसंबणाऱ्या अभ्यासकाला अन्य देशांतील समांतर अनुभव दिसत नाहीत आणि मराठी शब्द वगळणाऱ्याला राज्याच्या विधिमंडळाबाहेर झालेली चर्चा दिसत नाही. अशा वेळी भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश उपयोगी पडतो. विषयसूचीतून एक-दोन महत्त्वाचे लेख मिळाले, की सारलेखावरून त्यांची प्रस्तुतता तपासावी, तळटिपांवरून मागे जावे, संदर्भोल्लेखांवरून पुढे यावे आणि शेवटी समितीचा अहवाल, सभागृहातील भाषणे व न्यायनिर्णय ही मूळ साधने पाहावीत, असा क्रम सोयीचा ठरतो. कोणत्या सूची, कोणत्या वर्षांपर्यंत व कोणत्या शब्दांनी पाहिल्या, याची टिपणे ठेवल्यास शोधाची व्याप्ती इतरांनाही तपासता येते.

मर्यादा : संपूर्ण मजकुरात शोध घेणाऱ्या साधनांमुळे सूचिकाराची गरज उरली नाही, असे मत कधीकधी मांडले जाते. मराठीच्या बाबतीत तरी ते टिकणारे नाही. जुन्या अंकांची संगणकावर आणलेली पाने पुष्कळदा केवळ चित्ररूप असल्याने त्यांतील शब्द यंत्राला वाचता येत नाहीत. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये लागू होण्यापूर्वी ‘राजकारणांत’, ‘लोकशाहींतील’ अशी अनुस्वारयुक्त रूपे छापली जात. आजच्या रूपांनी शोध घेणाऱ्या यंत्राच्या हाती ती लागत नाहीत. पारिभाषिक शब्दही पिढीगणिक बदलले आहेत. निनावी लेखांचे कर्तृत्व ठरविणे, कालबाह्य संज्ञांना आजच्या संज्ञांशी जोडणे व लेखाचा खरा विषय ओळखणे, ही कामे विषय जाणणाऱ्या सूचिकाराचीच आहेत. १९५० नंतरच्या मराठी नियतकालिकांची विषयवार लेखसूची सिद्ध झाल्यास महाराष्ट्राच्या राजकीय विचाराचा मोठा भाग अभ्यासाच्या कक्षेत येईल. तोवर त्या काळातील मराठी लेखांचा शोध घेण्यासाठी नियतकालिकांचे वार्षिक संच प्रत्यक्ष चाळणे, हाच खात्रीचा मार्ग होय.